आईची कामं करणारी बाई

बँकेच्या नोकरीत असताना मला एक सवय लागली. चित्रपट संपला की खुर्चीतून उठायचं नाही, श्रेयनामावली संपेपर्यंत बसायचं आणि चौथ्या-पाचव्या ओळीनंतरची नावं वहीत उतरवायची. नायक-नायिकांबद्दल लिहिणारे पुष्कळ असतात. मला कुतूहल होतं ते दिवाणजी, शेजारीण, मामा, डॉक्टर आणि मुख्यत्वे आई झालेल्यांचं. वहीत एकेका नटाला एकेक पान. ब्यूला बाँडी या नावाला मात्र अकरा पानं लागली, आणि त्यातली निम्मीअधिक 'आई' आणि 'आजी' या दोन शब्दांनी भरली आहेत. हॉलिवूडमध्ये १९३१ पासून पुढची तीसेक वर्षं ही बाई पडद्यावर कुणाची ना कुणाची आई होती. स्वतः त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या, त्यांना मूलबाळ नव्हतं.

ही शेवटची माहिती त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात एक गंमत म्हणून येते. मला ती गंमत वाटत नाही. आईच्या भूमिकेकडे आपण अभिनय म्हणून पाहतच नाही. 'अगदी आपली आईच वाटते' असं म्हटलं की कौतुक संपलं. नायकाने दारू प्यायल्याचं सोंग केलं तर ते सोंग, आईने डोळ्याला पदर लावला तर तो स्वभाव. बाँडीबाईंचं काम नीट पाहिलं तर हा समज कुठे चुकतो ते लक्षात येतं. त्यांच्या भूमिकांतल्या आया स्वतःच अभिनय करत असतात. मुलांसमोर, नवऱ्यासमोर, प्रसंगी देवासमोरही. आणि अभिनय करणारी आई दाखवायला नटीच लागते.

थोडा पूर्वेतिहास. जन्म शिकागोचा, वाढल्या इंडियाना राज्यातल्या व्हालपरायझो या गावी. तिथल्याच नाट्यगृहात सातव्या वर्षी 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय'मध्ये काम केलं. पुढे व्हालपरायझो विद्यापीठातून वक्तृत्वकलेतली पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली. मग नाटकमंडळ्यांतून वर्षानुवर्षं उमेदवारी. ब्रॉडवेवर पोचल्या तेव्हा पस्तिशी उलटली होती. एल्मर राइस यांच्या 'स्ट्रीट सीन' या नाटकातली एमा जोन्स ही चाळीच्या पायरीवर बसून साऱ्या बिऱ्हाडांची उठाठेव करणारी बाई त्यांनी १९२९ मध्ये रंगवली आणि किंग व्हिडॉर यांनी १९३१ मध्ये नाटकाचा चित्रपट केला तेव्हा तीच भूमिका त्यांच्याकडे आली. म्हणजे पडद्यावर पहिलं पाऊल चाळिशीनंतर. नायिका होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सुरुवात आईने नव्हे तर भोचक शेजारणीने झाली. हे ध्यानात ठेवावं, कारण ती शेजारीण त्यांनी कधी पूर्णपणे सोडली नाही. पुढच्या कितीतरी मायाळू आयांच्या नजरेत ती अधूनमधून डोकावते.

दुसऱ्याच वर्षी, १९३२ मध्ये, लुइस माइलस्टोन यांच्या 'रेन'मध्ये त्या मिशनऱ्याची बायको झाल्या. पावसात अडकलेलं पागो पागो बंदर, सेडी थॉम्पसन ही बदनाम तरुणी (जोन क्रॉफर्ड) आणि तिला सुधारण्याच्या हट्टाने पेटलेला मिशनरी डेव्हिडसन (वॉल्टर ह्यूस्टन). मिसेस डेव्हिडसन नवऱ्याच्या सावलीसारखी वावरते. ताठ मान, घट्ट मिटलेले ओठ. धर्म म्हणजे इतरांच्या पापांची नोंदवही, एवढंच तिला ठाऊक.

नेमकी हीच जोडी, ह्यूस्टन आणि बाँडी, सहा वर्षांनी क्लॅरेन्स ब्राउन यांच्या 'ऑफ ह्यूमन हार्ट्स'मध्ये पुन्हा धर्मोपदेशक आणि त्याची पत्नी म्हणून आली. काळ अमेरिकन यादवीच्या आधीचा, ओहायो नदीकाठचं खेडं. उपदेशक एथन विल्किन्स तत्त्वाचा पक्का. गावकरी पगार कापतात, वापरून टाकलेले कपडे दान म्हणून देतात आणि हे सारं ईश्वरेच्छा म्हणून तो स्वीकारतो. पण त्या पगारात घर चालवायचं असतं मेरीला. मुलगा जेसन (तरुणपणचा जेम्स स्टुअर्ट) या दानाला विटून डॉक्टर व्हायला शहरात जातो आणि तिथून पैशांसाठी पत्रं पाठवतो. बाप गेल्यावर आई घरातली चांदी विकते, शेवटी लाडका घोडा पिलग्रिमही. त्या पैशातून मुलाचा लष्करी गणवेश होतो. पुढे मुलगा पत्रं लिहायचं विसरतो, तो मेला असं समजून आई खुद्द लिंकनना पत्र लिहिते आणि राष्ट्राध्यक्ष त्या पोराला बोलावून घेऊन, समोर बसवून, आईला पत्र लिहायला लावतात.

कथा म्हणून हे सारं चांगलंच भाबडं आहे. लिंकनचा प्रसंग तर आपल्या जुन्या बोधपटांत शोभावा असा. पण बाँडीबाईंचं काम भाबडं नाही. नवरा देवाचं नाव घेऊन जे जे सोसतो त्याची किंमत मांडणीवरच्या रिकाम्या डब्यांत दिसते, आणि ते डबे पाहणारी दृष्टी एकट्या मेरीची. धार्मिक कुटुंबपटात श्रद्धेचं भाषण पुरुषाच्या वाट्याला येतं आणि तिचा हिशेब बाईच्या. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

नामांकनांचीही एक छोटी कथा आहे. 'साहाय्यक' भूमिकांसाठी वेगळं ऑस्कर देण्याची पद्धतच १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षीच्या पाच अभिनेत्रींत 'द गॉर्जियस हसी'साठी बाँडी होत्या. पुरस्कार गेल सोंडरगार्ड यांना गेला. दुसऱ्या वेळी, 'ऑफ ह्यूमन हार्ट्स'च्या वर्षी, तो फे बेंटर यांनी नेला. या बेंटरबाई आदल्याच वर्षी एका चित्रपटात बाँडींच्या सूनबाई झाल्या होत्या. आणि 'साहाय्यक' म्हणजे काय ते बक्षिसातही दिसे. पहिली काही वर्षं या विजेत्यांना तो प्रसिद्ध सोनेरी पुतळा मिळत नसे, एक पट्टिका हाती दिली जाई. पुतळा मिळू लागला तो १९४३ च्या चित्रपटांपासून.

सूनबाईंचा तो चित्रपट म्हणजे लिओ मॅकॅरी यांचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७). माझ्या वहीतली चार पानं या एकट्याची आहेत. इथे बाँडी साहाय्यक नाहीत, दोन मुख्य पात्रांपैकी एक आहेत. पण साहाय्यक भूमिकांत त्या काय करत होत्या याची किल्ली इथेच सापडते.

बार्क आणि ल्यूसी कूपर हे सत्तरीचं जोडपं. कर्ज थकल्याने घर बँकेकडे जातं. पाच मुलं आहेत, पण दोघांना एकत्र ठेवून घेणं कुणालाच सोयीचं नाही. म्हणून वाटणी होते. आई थोरल्या जॉर्जकडे न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये, वडील तिकडे मुलीकडे. बाँडींनी त्या वेळी पन्नाशीही गाठलेली नव्हती. नवरा झालेले व्हिक्टर मूर साठी ओलांडलेले होते. आणि जॉर्ज झालेले टॉमस मिचेल आपल्या या 'आई'पेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान! रंगभूषा उत्तम आहे, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांनी एवढं अंतर पडत नाही. ते पडतं बसण्या-उठण्यातून. ही ल्यूसी खुर्चीत बसण्याआधी खुर्ची कुठे आहे याचा हाताने अंदाज घेते. कुणी बोललं की उत्तर द्यायला क्षणभर उशीर करते, कारण आधी ऐकू आलं की नाही ते तिला स्वतःशी ठरवायचं असतं.

एका संध्याकाळी सून घरी ब्रिजचा वर्ग घेत असते. पत्ते मांडलेले, पाहुणे ठेवणीतल्या कपड्यांत, आणि मधोमध सासूबाईंची कुरकुरणारी झुलती खुर्ची. तेवढ्यात बार्कचा फोन येतो. ल्यूसीला फोनची सवय नाही, ती ओरडून बोलते. पाहुण्यांना आधी त्रास होतो, मग गंमत वाटते आणि हळूहळू सगळे गप्प होतात. ती नवऱ्याला अंगभर कपडे घालायला सांगत असते, अशाच चार फुटकळ गोष्टी. चेहरा बराच वेळ आपल्याला नीट दिसतही नाही. दुसरी एखादी नटी इथे रडली असती. बाँडीबाई फक्त मोठ्याने बोलतात. खोली भरून माणसं आहेत हे त्यांच्या ल्यूसीला पूर्ण माहीत असतं आणि तरी बोलायचं तर आत्ताच, म्हणून ती बोलते.

मग तो प्रसंग. जॉर्जने आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलंय, पण तोंडातून शब्द निघत नाही. ल्यूसीला कल्पना आलेली असते. तो सुरुवात करायच्या आतच ती म्हणते की तिला एक सांगायचंय, रागावू नकोस, पण तिला आता त्या आश्रमात जाऊन राहावंसं वाटतं. तिथे तिच्या वयाच्या बायका आहेत. फक्त वडिलांना कधी कळू देऊ नकोस. त्यांना वाटू दे की मी तुझ्याकडेच आहे. ती हे इतक्या खुबीने सांगते की जणू मागणी तिचीच होती आणि मुलगा परवानगी देणारा.

आता जरा खाजगी लिहितो. आमच्या आईचीही आम्ही तिघा भावंडांनी अशीच पाळी लावली होती, चार-चार महिन्यांची. ती माझ्याकडे असताना मुलीची दहावी आली. घर दोन खोल्यांचं. आईला महिनाभर आधीच धाकट्याकडे पाठवावं असं बायकोचं आणि माझं ठरलं होतं आणि सांगायचं कुणी यावर दोन दिवस अडलं होतं. रात्री जेवताना आईच म्हणाली, "मला धाकट्याकडे नेऊन सोड रे. तिथं देऊळ जवळ आहे. इथं माझी काकड आरती चुकते." मला हायसं वाटलं. आई देवभोळी होतीच, तेव्हा शंका यायचं कारण नव्हतं. मी तिला पोचवून आलो आणि बायकोला म्हणालो की बरं झालं, तिच्याच मनात होतं. ती गेल्यानंतर काही वर्षांनी हा चित्रपट पाहिला. जॉर्ज आणि ल्यूसीचा तो प्रसंग चालू असताना मला धाकट्याच्या गावचं देऊळ आठवलं. ते टेकडीवर आहे, साठ-सत्तर पायऱ्यांवर. आईचे गुडघे तर गेलेले होते. मी डीव्हीडी थांबवली. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला.

तेव्हापासून बाँडीबाईंच्या इतर भूमिकांकडे मी परत गेलो, आणि जिथे तिथे हेच सापडू लागलं.

'रिमेंबर द नाइट' (१९४०) हा नाताळातला चित्रपट घ्या. पटकथा प्रेस्टन स्टर्जेस यांची, दिग्दर्शन मिचेल लायसन यांचं. एक सरकारी वकील दुकानात चोरी करणाऱ्या तरुणीला (बार्बरा स्टॅनविक) नाताळसाठी आपल्या घरी इंडियानाला घेऊन येतो. तिची स्वतःची आई तिला दारातून परत पाठवते आणि वकिलाची आई, म्हणजे बाँडी, तिला पोटच्या मुलीसारखं घरात घेते. सणाचे दिवस संपत येतात तेव्हा हीच आई तिच्याशी चार शब्द बोलते. आवाजात मध. मुलाने शिक्षणासाठी किती खस्ता खाल्ल्या, इथवर यायला किती वर्षं गेली, एवढंच. 'तू त्याला सोड' असं ती म्हणत नाही. पण मुलीला कळतं, आणि आपल्यालाही कळतं की तिला कळावं म्हणूनच ते बोलणं होतं. प्रेम खोटं नाही, विनवणीही खोटी नाही, आणि तरीही हे एका तरुण मुलीला दाराबाहेर काढणं आहे. चाळीच्या पायरीवरची ती एमा जोन्स इथे मला स्पष्ट दिसते.

किंवा डिस्नेचा 'सो डिअर टु माय हार्ट' (१९४९). हा मुलांचा चित्रपट म्हणून अभ्यासकांनी बाजूला टाकलेला. १९०३ सालचं इंडियानातलं शेत, आजी ग्रॅनी किंकेड, नातू जेरेमाया आणि त्याचं काळं कोकरू डॅनी. पोराला कोकरू जत्रेत नेऊन बक्षीस मिळवायचंय. आजी बायबल वाचणारी, कडक. बक्षिसाचा लोभ पोराच्या अंगात शिरलाय हे तिला दिसतं. वादळी रात्री डॅनी हरवतो आणि जेरेमाया देवाला शब्द देतो की डॅनी जिवंत सापडू दे, मी जत्रेला जाणार नाही. सकाळी कोकरू सापडतं. पोरगा शब्दाला जागायला तयार. इथे आजीची पंचाईत होते. आयुष्यभर तिने त्याला शब्द पाळायलाच शिकवलंय. मग ती सांगते की तिनेही देवाला शब्द दिलाय, डॅनी सापडला तर जेरेमायाला जत्रेला पाठवीन म्हणून. आणि तिची देवाशी ओळख नातवापेक्षा जुनी, तेव्हा तिचा शब्द आधी.

तिने खरंच असा नवस केला होता का? बाँडीबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. पापणीही हलत नाही. पण क्षणभर थांबून, नातवाकडे न बघता त्या हे बोलतात आणि त्या थांबण्यात सगळं आहे. देवाशी असलेली ही घरगुती सलगी आपल्याकडे नवी नाही. 'संत तुकाराम'मधली गौरीची जिजाई विठोबावर वहाण उगारते तेव्हा आपण तिला अश्रद्ध म्हणत नाही. ग्रॅनी किंकेड त्याच घराण्यातली वाटते मला, फक्त ती भांडत नाही, सौदा करते.

कुणी म्हणेल की एकाच साच्याच्या या भूमिका. साचा होताच. जेम्स स्टुअर्टची आई त्या एकट्या १९३८ सालात दोनदा झाल्या ('ऑफ ह्यूमन हार्ट्स' आणि 'व्हायवेशस लेडी'), पुढच्या वर्षी 'मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन'मध्ये तिसऱ्यांदा, 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये (१९४६) चौथ्यांदा आणि १९७१-७२ च्या त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेत पाचव्यांदा. कंपन्या वेगवेगळ्या, आई तीच. पण साच्यात राहून काय करता येतं ते 'वंडरफुल लाइफ'मध्ये पाहावं. जॉर्ज बेली जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं, हे त्याला देवदूत दाखवतो. तो धावत स्वतःच्या घरी येतो. घराची खानावळवजा लॉज झालेली. दार किलकिलं होतं आणि तीच आई त्याच्याकडे परक्या माणसासारखी बघते. केस, कपडे थोडे वेगळे आहेत, पण खरा बदल डोळ्यांत. आधीच्या दृश्यांत हेच डोळे मुलाला पाहून मऊ होत असतात. इथे ते भाडं बुडवणाऱ्याचा माग काढतात. मिनिट-दोन मिनिटांचं काम. मायेची बाई तिच्या आयुष्यात माया करायला कुणी नसेल तर कशी होते, ते एवढ्यात उमगतं. आणि पाहिलेल्याच्या लक्षात येतं की आधीची ती माया 'स्वभाव' नव्हता, तीही या नटीने घडवलेली होती. जाता जाता, या चित्रपटातला विसरभोळा बिली काका म्हणजे टॉमस मिचेल. नऊ वर्षांपूर्वीचा मुलगा इथे दीर झाला.

सगळंच साधलं असंही नाही. झाँ रेन्वार यांच्या 'द सदर्नर'मधली (१९४५) गोधडी पांघरून कटकट करणारी आजी मला भडक वाटते. टेक्ससच्या कापसाच्या शेतातलं ते दारिद्र्य रेन्वार शांतपणे टिपत असताना बाँडीबाई मात्र नाटकमंडळीत काम केल्यासारख्या शेवटच्या रांगेसाठी बोलतात. आणि जी भूमिका त्यांना मनापासून हवी होती ती मिळालीच नाही. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मधल्या मा जोडसाठी त्या विस्थापित शेतमजुरांच्या छावण्यांत जाऊन त्या बायकांचं बोलणं-चालणं पाहून आल्या होत्या, असं सांगितलं जातं. भूमिका जेन डार्वेल यांना मिळाली आणि ऑस्करही. स्वतःला मूल नसलेली बाई आई कुठून आणत असेल, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या छावण्यांत आहे. ती बघून आणत होती.

'मेक वे फॉर टुमॉरो' चालला नाही. शेवट गोड करा असं पॅरामाउंटचं म्हणणं होतं, मॅकॅरी यांनी ऐकलं नाही. त्याच वर्षीच्या 'द ऑफुल ट्रुथ'साठी त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं तेव्हा, तुम्ही चुकीच्या चित्रपटाला बक्षीस दिलंत, असं ते म्हणाले. पुढे जपानमध्ये ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'मागे (१९५३) याची प्रेरणा असल्याचं अभ्यासक सांगतात. आपल्याकडे १९५४ मध्ये राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' आला. मुलांत वाटले गेलेले म्हातारे आईबाप हा कणा तोच. मास्तर झालेले परांजपे तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि सोबत सुमती गुप्ते. दोन्हीकडे म्हातारपण तरुण माणसांनी बांधलेलं आहे. हा धागा 'बागबान'पर्यंत (२००३) येतो, पण तिथे मानलेला मुलगा धावून येतो आणि पोटच्या मुलांना शब्द ऐकावे लागतात. मॅकॅरींच्या चित्रपटात कुणीच धावून येत नाही. मुलं वाईटही नाहीत. आमच्यासारखीच आहेत.

बाँडीबाई काम करत राहिल्या. 'द वॉल्टन्स' ही डोंगराळ व्हर्जिनियातल्या एका सश्रद्ध, एकत्र कुटुंबाची मालिका सत्तरच्या दशकात अमेरिकेत घरोघर पाहिली जाई. तीत त्या मार्था कोरिन ही घराण्यातली सर्वांत वडीलधारी बाई म्हणून दोनदा आल्या. पहिल्यांदा, १९७४ मध्ये, रस्त्यासाठी तिचं घर सरकार घेतं. दुसऱ्यांदा, १९७६ च्या 'द पोनी कार्ट' या भागात, ती वॉल्टनांकडे राहायला येते आणि स्वयंपाकापासून सगळ्यात लुडबुड करून घरच्यांना नकोशी करून सोडते. आपलं हृदय थकलंय, दिवस थोडे उरलेत, हे तिला ठाऊक असतं. ते ती घरच्यांपासून लपवते. चाळीस वर्षांपूर्वीच्या ल्यूसीसारखीच. या भागासाठी १९७७ मध्ये त्यांना एमी मिळालं. नव्वदीला टेकलेल्या बाँडीबाई ते घ्यायला स्वतः मंचावर गेल्या.

जानेवारी १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला घरात पाळलेल्या मांजराला अडखळून त्या पडल्या, बरगड्या मोडल्या आणि त्यातच त्या गेल्या. वहीतल्या अकराव्या पानावर ही शेवटची नोंद आहे. त्याखाली मी धाकट्याच्या गावच्या देवळाच्या पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. मागच्या आषाढात जाऊन मोजल्या. अडुसष्ट आहेत.